माझ्या नेतृत्वाखाली गार्लंडची सुटका

५ नोव्हेंबर १९८३, शनिवार. संध्याकाळी ५

आजपासून रोजनिशी. माझ्या हातून आता काहीतरी मोठं घडणार आहे आणि ते कुठेतरी लिहिलेलं असावं.

सकाळी मेजर बॅगशॉंच्या शिकारमंडळाने कोल्ह्यामागे माझ्या परसातून घोडे घातले. कोल्हा कुंपणाच्या भोकातून गेला, घोडे लीकच्या वाफ्यातून. चौदा लीक. कांद्याच्या जातीचे, मनगटाएवढे जाड. पुढच्या शनिवारच्या भाजी-प्रदर्शनासाठी जूनपासून जपलेले. सगळ्यांचा चेंदामेंदा. शेवटचा घोडेस्वार सॉरी म्हणाला. मी टोपी काढून काही हरकत नाही म्हणालो. टोपी सवयीने निघाली. ती मोजायची नाही.

घरात आलो तर आयव्ही रडत होती. बायको असावी तर अशी, असं क्षणभर वाटलं. पण ती लीकसाठी रडत नव्हती, गार्लंडसाठी रडत होती. गार्लंड म्हणजे मंडळाची शिकारी कुत्री. इथल्या रिवाजाप्रमाणे पिल्लं वर्षभर गावात वाढवायला देतात. ७६ च्या उन्हाळ्यात ही आमच्याकडे होती. मग परत केली. मीच केनेलवर, म्हणजे मंडळाच्या कुत्र्यांच्या कोठीवर, नेऊन दिली, आयव्ही वरच्या खोलीतून खाली आली नाही. पिल्लू उत्तम वाढवल्याबद्दल मंडळाने चांदीचा चमचा दिला. त्यावर ‘मि. सी. हेम्ब्रो’ असं कोरलंय. चहा मी त्यानेच ढवळतो.

केनेलवर कुत्री सांभाळणाऱ्या सिरिलच्या बायकोने आयव्हीला सांगितलं की हा गार्लंडचा शेवटचा हंगाम. मार्चमध्ये हंगाम संपला की म्हाताऱ्या कुत्र्यांना गोळी घालतात. आयव्ही मेजरांकडे गेली होती, मला द्या म्हणून. मेजर म्हणाले, कळपातलं कुत्रं घरात रमत नाही बाई, आणि रिवाज तो रिवाज.

तिला एका कुत्रीचं दुःख. मला तत्त्वाचं. (चौदा लीक.)

निश्चय: शिकारीविरुद्ध लढा. थेट कृती. उद्यापासून.

६ नोव्हेंबर, रविवार

उद्यापासून. आज छातीत गार वाटतंय.

८ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री ८

वाचनालयातल्या फळ्यावर चिठ्ठी होती: प्राणिमुक्ती गट, मंगळवारी सहाला, बेरिलच्या स्वयंपाकघरात. गेलो. पाहतो तो काय, सगळ्या बायका. बेरिल ही शाळेत मुलांचं जेवण रांधते, हात मुसळासारखे. दोन नर्स बहिणी. एक लायब्ररीतली. म्हणजे ही आपली क्रांती. म्हणूनच कोल्हे मरतायत.

पुरुष एकच, जूलियन. कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. दाढी चांगली आहे. त्याने पाऊण तास भाषण केलं की बाईवर आणि जनावरावर एकच पुरुषी सत्ता राज्य करते आणि या गटात पुरुषाने मागे राहायला शिकलं पाहिजे. तोवर बायकांनी शनिवारचा नकाशा आखला, सँडविचं कोणी करायची ते ठरवलं आणि कप विसळले. जूलियनचाही. तो बोलत असल्यामुळे त्याच्या हातातून कप बेरिलने काढून घेतला.

मी उभा राहून सांगितलं की एकतीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलंय, माझ्या फाटकात एक गायसुद्धा मेली नाही, तेव्हा शिस्त काय ते मला विचारा. बेरिल म्हणाली, बरं झालं आलात आजोबा, शेतात फाटकं भरपूर आहेत.

आजोबा म्हणाली. माझ्यापेक्षा फार तर वीस वर्षांनी लहान असेल.

आयव्हीला म्हटलं, तूही येत जा, चहा ओतायला कोणीतरी हवं. बघते म्हणाली. आश्चर्य म्हणजे बेरिलच्या घरात साखर कुठे असते ते तिला माहीत आहे.

१२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

पहिली मोहीम. दोन बनियन, लोकरी पट्टा, खोकल्याच्या गोळ्या.

योजना अशी: कोल्हा गेला त्या वाटेवर नर्स बहिणींनी लिंबाच्या वासाचं तेल फवारायचं, म्हणजे कुत्र्यांना माग लागत नाही. मी वरच्या रानाचं फाटक धरून ठेवायचं. मेजरांना त्यातून जाऊ द्यायचं नाही, बस. दहा मिनिटं अडले की कोल्हा ओढ्यापलीकडे.

घोडे आले. मेजर म्हणाले, गुड मॉर्निंग हेम्ब्रो. मी फाटक उघडलं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. एकतीस वर्षं ज्या हाताने फाटक उघडलं तो हात स्वतःचा निर्णय स्वतः घेतो. चाळीस घोडे गेले. चाळिसावा गेल्यावर मी फाटक नीट लावून घेतलं, कडीसकट. मागून बेरिलची व्हॅन येत होती. ती अडली.

व्हॅनमधून बेरिल काहीतरी म्हणाली. ते शाळेत जेवण रांधणाऱ्या बाईच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

कोल्हा मात्र वाचला. नर्स बहिणींचं तेल लागू पडलं असं सगळ्याजणी म्हणतात. माझं मत, घोडे फाटकातून एकेक करून गेल्यामुळे त्यांचा वेग मोडला.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

जूलियन आणि मी मिळून पुरुषांची डावपेच उपसमिती स्थापन केली. बायकांना कळवलं. विरोध झाला नाही. कोणी ऐकलंही नसावं, त्या नकाशावर वाकल्या होत्या.

उपसमितीचे निर्णय: १) वॉकीटॉकी जूलियनकडे. २) शिंग माझ्याकडे. शिकारमंडळाचा माणूस तांब्याच्या आखूड शिंगातून वेगवेगळे इशारे फुंकतो आणि कुत्री ते पाळतात. आपण ‘घरी चला’ फुंकलं की कळप मागे फिरणार. शिंग आजवर लायब्ररीतली बाई वाजवत होती. तिला मी समजावलं की हे फुप्फुसाचं काम आहे. तिने शिंग पुसून माझ्या हातात दिलं आणि वर बघून नुसती हसली.

घरी सराव केला. आयव्ही म्हणाली, गाय व्यायली का कुणाची?

तिच्या विनोदाला मी उत्तर देत नाही. तिचं ते पोचे पडलेलं पातेलं, निळ्या काठाचं, अजून चुलीवर असतं. दहा वेळा सांगितलं, फेकून दे. गार्लंडला खायला घालायच्या वेळी ती त्यावर लाकडी डावाने तीनदा ठोकायची, गल्लीभर आवाज जायचा. तेव्हापासून पोचे.

३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

शनिवारी शिकारीला कुत्र्यांचा नव्हे, कुत्र्यांच्या बायकांचा कळप असतो. नर आणि माद्या वेगळे नेतात. सिरिल सांगतो, माद्या जास्त चपळ, जास्त डोकेबाज. सिरिल बायकोला घाबरतो हे गावाला माहीत आहे.

आज शिंग फुंकलं. अगदी मोक्याच्या क्षणी, टेकाडावरून, पोटातून. सूर स्वच्छ लागला. आजवर इतका स्वच्छ लागला नव्हता. कळप थबकला, सगळ्या माना वर, आणि मग वीस जोड्या (शिकारी कुत्री जोडीने मोजतात) ओरडत सुटल्या. घराच्या उलट दिशेने. कोल्ह्याच्या दिशेने.

लायब्ररीतली बाई म्हणते, मी ‘घरी चला’ नाही, ‘कोल्हा सुटला, धरा’ फुंकलं. दोन्हींत एवढासा फरक आहे. हा फरक शिंग बनवणाऱ्याने नीट ठेवायला हवा होता.

मेजरांनी दुरून मला बघून टोपी उंचावली. शत्रूसुद्धा मानतो.

कोल्हा गटाराच्या पाइपात शिरला म्हणून वाचला. नर्स बहिणी पाइपाच्या तोंडाशी दोन तास बसून राहिल्या. घोड्यावरच्या एकाने धाकटीच्या खांद्यावर चाबूक ओढला. ती उठली नाही. मी ताबडतोब गेलो असतो, पण टेकाड उतरताना गुडघा.

गार्लंडही दिसली. तोंड पांढरं झालंय. सगळ्यांच्या मागे, एका पायाने जरा लंगडत. आयव्ही कुंपणापाशी उभी होती. तिने हाक मारली नाही, नुसती बघत राहिली. घरी येऊन दिवा न लावता पडून राहिली. बायकांचं हे असं असतं, लढ्याच्या दिवशी डोकं दुखतं.

१४ जानेवारी १९८४, शनिवार

बर्फ. शिकार रद्द. वेळ सत्कारणी लावला: फोटोचा सराव.

जूलियनचं म्हणणं बरोबर आहे, चळवळ वर्तमानपत्रातून वाढते. सुटका केलेलं जनावर कुशीत, तोंडावर काळी कानटोपी, फक्त डोळे दिसतायत, असा फोटो छापून आला पाहिजे. फोटोत पुरुष असावेत, कारण बायका कानटोपीत थंडीने गारठल्यासारख्या दिसतात, हे तोच म्हणाला. मागे राहण्याबद्दल तो फोटोनंतर बोलणार आहे.

जनावर नव्हतं, म्हणून बेरिलचं मांजर घेतलं. जूलियन खाटेवर पडला आहे. डोळ्याला काही झालेलं नाही.

बेरिल म्हणाली, मांजराला विचारायचं होतं आधी, सुटका हवी का.

३१ जानेवारी, मंगळवार

आयव्ही हल्ली मंगळवारी आणि गुरुवारी महिला मंडळाच्या जॅमच्या वर्गाला जाते. जॅमच्या वर्गातून बुटांना इतका चिखल कसा लागतो ते विचारायचं राहून जातं. शिवाय दोन महिन्यांत घरात जॅमची एक बाटली नाही. तिला जमत नसणार. मी विषय काढला नाही. मन दुखवू नये.

आज सिरिलची बायको तिच्यासोबत फाटकापर्यंत आली. दोघी मला बघून गप्प झाल्या. बायकी गोष्टी.

२१ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ९

मोठा दिवस. मी गटापुढे माझा गार्लंड-मुक्ती प्लॅन ठेवला. लिहून नेला होता, चार पानं. १० मार्चला हंगामाची शेवटची शिकार. कळप बाहेर असताना केनेलचा ताबा घ्यायचा, मुख्य फाटकाला आतून साखळी-कुलूप ठोकायचं, कळप परत आला की फक्त गार्लंडला आत घ्यायचं आणि वाटाघाटी करायच्या.

वाटलं होतं, बायका घाबरतील. उलट सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, मग एकमेकींकडे. बेरिल म्हणाली, आजोबा, हे फक्त तुम्हीच करू शकता. सगळ्यात लांबची आणि सगळ्यात अवघड जागा. तिथून हलायचं मात्र नाही, काही झालं तरी.

शेवटी लायकी ओळखली.

जूलियनने जाहीर केलं की तो त्या दिवशी ब्रिस्टलला परिषदेत ‘चळवळीतील पुरुषाचं मौन’ यावर बोलणार आहे.

आयव्हीला म्हटलं, घाबरू नकोस, तुझ्या कुत्रीला मी आणतो. तिने विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाली, क्लॅरन्स, तू तिला एकदा नेऊन दिलीस ना, तेवढं पुरे आहे.

याचा अर्थ नीट लागला नाही. भावनेच्या भरात होती.

९ मार्च, शुक्रवार

तयारी. साखळी, कुलूप, किल्ली, बनियन दोन, उकडलेली अंडी तीन. कानटोपी आयव्हीने विणून दिली. काळी लोकर संपली म्हणून वरचा भाग पिवळा झालाय.

मृत्यूचा विचार मनात आला. चमच्याचं काय करायचं ते लिहून ठेवलं पाहिजे. उद्या.

१० मार्च, शनिवार. सकाळी १०.४०

केनेलमध्ये आहे. लिहितोय तो कागद गवताच्या गंजीवर. कोणीही अडवलं नाही. फाटकाला आतून साखळी घातली, कुलूप लावलं. पहिला टप्पा शंभर टक्के यशस्वी.

११.०५

किल्ली फाटकाबाहेर राहिली आहे. खांबावर. दिसते आहे. हात पोहोचत नाही.

११.३०

अंडी संपली.

१२.१०

सिरिल आतल्या खोलीतून आला. सकाळपासून आतच होता. म्हणाला, हेम्ब्रोकाका, गारठाल, आत या, चहा टाकलाय. मी सांगितलं, केनेल माझ्या ताब्यात आहे. तो म्हणाला, हो हो, साखर किती?

शत्रूचा चहा घ्यावा का, यावर विचार केला. उपसमितीत असा ठराव नाही. घेतला.

१.३०

सिरिलला फोन आला. बराच वेळ नुसतं हं, हं करत होता. फोन ठेवून खुर्चीवर बसला आणि तोंडावरून हात फिरवून हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. म्हणाला, काका, गेली तुमची गार्लंड.

मी विचारलं, मेली?

म्हणाला, मेली कसली. काकूंनी नेली.

संध्याकाळी ७

जे कळलं ते क्रमाने लिहितो.

कळप गिरणीच्या गल्लीतून चालला होता. आयव्ही पुलाच्या कठड्यापाशी एकटी उभी होती. ना कानटोपी, ना काही. डोक्याला चर्चचा रुमाल. तिने पिशवीतून ते पातेलं काढलं आणि लाकडी डावाने तीनदा ठोकलं. बस. सात वर्षांनी. गार्लंड कळपातून बाहेर पडली आणि लंगडत, शेपूट हलवत सरळ तिच्याकडे आली. बाकीच्या तिच्यामागे यायला लागल्या, तर नर्स बहिणींनी त्यांच्यापुढे सॉसेजचा ढीग ओतला. बेरिल व्हॅनचं मागचं दार उघडून तयार. लायब्ररीतल्या बाईने दुसरं शिंग आणलं होतं. तिने ‘घरी चला’ फुंकलं आणि उरलेला कळप सॉसेज संपवून खरोखर घरी निघाला.

दोन मिनिटं. सिरिलने घड्याळ लावल्यासारखं सांगितलं, दोन मिनिटं.

मेजर घोड्यावरून ओरडले, बाई, ती मंडळाची मालमत्ता आहे. आयव्ही म्हणाली, मेजर, हिच्या बदल्यात तुम्ही चमचा दिला होता. तो माझ्या नवऱ्याकडे आहे. परत घेऊन जा.

सिरिलने मला पक्कड आणून साखळी कापून दिली. म्हणाला, आता बरं वाटतंय काका. जिला सात वर्षं खायला घातलं तिच्यावर उद्या बंदूक धरायची होती मला. बायको महिनाभर बोलत नव्हती.

माझा निष्कर्ष: मी केनेल रोखून धरल्यामुळे सिरिल तिथे अडकला. तो सुटा असता तर सगळा डाव फसला असता. योजना माझी, अंमलबजावणी इतरांची.

घरी आलो. आयव्ही नाही. टेबलावर चिठ्ठी:

‘गार्लंड बरी आहे. मंडळाची माणसं आधी आपल्याकडेच शोधणार, म्हणून आम्ही दोघी लांब राहतो. कुठे ते लिहीत नाही. तुला कोणी विचारलं तर तू सांगशील. कोणी नाही विचारलं तरी सांगशील. लापशी करताना ढवळत राहा. आयव्ही.’

कधी येणार ते लिहिलेलं नाही. कागद मागून पुढून पाहिला.

११ मार्च, रविवार

पकडायला येतील. दाढी केली. जबाब पाठ केला: मी काहीही सांगणार नाही. सगळी जबाबदारी माझी.

चमचा पॉलिश करून ठेवला. पुरावा म्हणून नेतील.

दिवसभर कोणी आलं नाही. रविवार असल्यामुळे.

१२ मार्च, सोमवार

मेजरांकडचा माणूस आला. मी दारात छाती काढून उभा राहिलो. त्याने शेड बघितली, परस बघितलं. मग म्हणाला, काकू कुठे गेल्यात? मी म्हटलं, मला विचारा, मी या कटाचा सूत्रधार आहे. तो म्हणाला, ते असू दे काका, काकू कुठे गेल्यात ते माहीत आहे का? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, वाटलंच.

चमच्याबद्दल विचारलं नाही. मीच आणून दाखवला. छान आहे म्हणाला आणि गेला.

१३ मार्च, मंगळवार

पेपरात आलं. फोटो पहिल्या पानावर. पाचजणी, कानटोप्या घातलेल्या, मधोमध गार्लंड जीभ बाहेर काढून. बेरिल दंडांवरून ओळखू येते. पाचवी बुटकी आहे आणि तिच्या हातात पातेलं आहे. बातमीत पुरुषाचा उल्लेख एकच, तोही जूलियनचा. ब्रिस्टलहून त्याने सांगितलंय की या कृतीमागची वैचारिक भूमिका त्याची.

संताप. मी स्वतः चौकीवर गेलो. हवालदार पर्किसला म्हटलं, लिहून घे, सूत्रधार मी, केनेलचा ताबा मी घेतला होता. त्याने विचारलं, काका, आत कोंडले होतात तेच ना? सिरिलने सांगितलं. घरी जा, जेवायची वेळ झाली तुमची.

मी म्हटलं, वहीत लिही. त्याने पेन्सिल उचलली आणि टोक काढायला लागला.

घरी येऊन लापशी ठेवली. मधेच ढवळायचं थांबून संपादकाला पत्र लिहायला बसलो. मोठं पातेलं जळलं. घासून पाहिलं. तळ गेलाय.

१६ मार्च, शुक्रवार

बेरिल रस्त्यात भेटली. आयव्ही कशी आहे विचारलं. म्हणाली, मजेत, गार्लंड तिच्या पायाशी झोपते. सकाळी दोघी फिरतात, दोघींचे गुडघे सारखेच दुखतात म्हणून चाल बरोबर जमते.

म्हटलं, माझ्यासाठी काही निरोप? बेरिलने व्हॅनची किल्ली फिरवली. म्हणाली, आहे ना. लीकचं बी मार्चमध्ये पेरायचं असतं, विसरू नका म्हणाली.

परत कधी येणार ते विचारायचं होतं. पण व्हॅन घाईत होती.

गटातल्या माझ्या जागेबद्दलही विचारलं. म्हणाली, शिंग आता शिकून झालंय सगळ्यांचं. फाटकं आहेत.

१७ मार्च, शनिवार. दुपारी १

आज शिकार नाही. हंगाम संपला. रान शांत आहे.

बीन्सचा डबा उघडला. ओपनर सापडायला चार दिवस लागले, चमच्यांच्याच खणात होता. गरम करायला लहान पातेलं शोधलं, निळ्या काठाचं. चुलीवर नाही, फळीवर नाही, मोरीत नाही. मग आठवलं.

चमचा आहे. त्यावर माझं नाव आहे.

डब्यातूनच खाल्लं. थंड. चमचा चहाचा आहे, त्यामुळे फार वेळ लागतो.